पाऊण इंच

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी पोहोचलो तेव्हा आजोबांची जीप पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि तिची किल्ली काकांच्या कपाटात होती. आजोबा कपाटाच्या विषयावर काही बोलत नव्हते. आजीने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितले की पंधरा दिवसांपूर्वी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला जीप घासली. डाव्या बाजूने. कोणाला लागले नाही, पण मडगार्ड आत गेले आणि घरात सगळ्यांचे ठरले की आता वय झाले, बास.

आजोबांचे म्हणणे एवढेच होते : "गाडी डावीकडं वढतीय." त्यावर काकांचे उत्तर तयार होते : "गाडी नाही आबा, तुमचा हात ओढतोय." आजोबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, त्यामुळे काकांचे म्हणणे सर्वांना पटले. मलाही पटले होते, हे इथे लिहिले पाहिजे.

आजोबा लष्करात ईएमईमध्ये होते, वाहन दुरुस्तीच्या कामावर. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी लष्कराच्या लिलावातून सुटलेली एक जुनी जीप त्यांनी विकत घेतली. महिंद्रची सीजे-३बी. जुन्या फोटोंमध्ये जिचे बॉनेट इतर जीपांपेक्षा उंच दिसते तीच ही. विलीज कंपनीने १९५३ साली हे मॉडेल काढले, त्यात हरिकेन नावाचे नवे इंजिन बसवले आणि ते उंच असल्याने बॉनेटही वर उचलावे लागले. पुढे महिंद्रने हीच जीप आपल्याकडे कितीतरी वर्षे बनवली. आमचे गाव पाटणच्या बाजूला आहे, रस्ते चढ-उताराचे, आणि आजोबांच्या मते अशा रस्त्याला दुसरी गाडी नाहीच. या मताशी घरात कोणी सहमत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी परत गेलो तेव्हा जीपवर धूळ बसली होती. शाळेत आमच्या एमटी विभागाचे उस्ताद नेहमी सांगतात की गाडीला हात लावण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारा आणि फक्त बघा. म्हणून मी फेरी मारली. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड झिजून गुळगुळीत झाली होती आणि बाहेरची कड जवळजवळ नवी होती. आजोबांच्या हाताने टायरची आतली कड कशी झिजेल, हा प्रश्न मी जेवताना विचारला. काका म्हणाले, "अलाइनमेंट दोनदा केलीय. कॉम्प्युटरवर."

आता अलाइनमेंट म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही तोपर्यंत वाटत होते की चाके सरळ केली की झाले. चाके पूर्ण सरळ नसतातच. ती मुद्दाम थोडी वाकडी ठेवलेली असतात आणि हा वाकडेपणा चार प्रकारचा असतो.

पहिला टो-इन. आपण सावधानमध्ये उभे राहतो तेव्हा टाचा जुळलेल्या आणि चवडे बाहेर असतात. जीपचे उलटे असते, तिचे चवडे किंचित आत असतात. म्हणजे पुढच्या दोन चाकांमधले अंतर पुढून मोजले तर मागून मोजल्यापेक्षा थोडे कमी भरते. किती कमी? जीपच्या पुस्तकात ३/६४ ते ३/३२ इंच दिले आहे, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर. गाडी पळते तेव्हा रस्ता चाकांना मागे ढकलतो, सांध्यांमधली थोडीशी ढील निघते आणि चाके बाहेर फाकू पाहतात. आधीच आत वळवलेली असली की तेव्हा ती सरळ होतात. टो-इन जास्त झाले तर टायरची बाहेरची कड झिजते. उलट चवडे बाहेर गेले तर आतली कड झिजते आणि गाडी रस्त्यावर इकडेतिकडे हुंगत चालते.

दुसरा कॅम्बर. समोरून पाहिले तर चाकाचा वरचा भाग दीड अंश बाहेर झुकलेला असतो. तिसरा किंगपिनचा कल. ज्या खुंटीभोवती चाक वळते ती वरच्या बाजूला साडेसात अंश आत झुकलेली असते. हे दोन्ही कोन जीपच्या ॲक्सलमध्ये घडवतानाच ठरलेले असतात. पाना घेऊन ते बदलता येत नाहीत. ते चुकले असतील तर ॲक्सल किंवा चाकाचा आधार वाकला आहे, नाहीतर बेअरिंगे गेली आहेत, असा त्याचा अर्थ.

चौथा कास्टर, आणि हा मला सगळ्यात आवडला. बाजूने पाहिले तर तीच खुंटी वरून तीन अंश मागे कललेली असते. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तोही असाच मागे कललेला असतो, म्हणून उतारावर हँडल सोडले तरी सायकल काही वेळ सरळ जाते. वळण घेऊन झाल्यावर जीपचे स्टिअरिंग आपोआप परत येते ते कास्टर आणि किंगपिनचा कल यांच्यामुळे. कास्टर बदलायचा असेल तर ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी घालतात.

हे सगळे मी आजोबांच्या ट्रंकेतल्या तेलकट इंग्रजी पुस्तकातून वाचले. अर्धे समजले, अर्धे आजोबांनी जमिनीवर काडीने काढून दाखवले. पण ते स्वतः जीपखाली जाऊ शकत नव्हते. गुडघे वाकत नाहीत आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांनी खाली डोके करून काम करू नका असे बजावले होते, तेव्हापासून ती सवयच सुटली. मागची दोन वर्षे जीपचे सगळे काम बाहेरच्या लोकांनी केले होते.

आधी हे ठरवायचे होते की ओढ खरी आहे की नाही. मी पंधरा वर्षांचा, मला परवाना नाही, म्हणून काकांना विनवावे लागले. रस्त्यावर ही परीक्षा करून उपयोग नाही, कारण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे प्रत्येक गाडी थोडी डावीकडे उतरतेच. काका हेच म्हणत होते. मग हायस्कूलच्या सपाट पटांगणावर गेलो. काकांनी पंचवीसच्या वेगाने जीप सरळ धरली आणि हात सोडले. ध्वजस्तंभाकडे निघालेली जीप पाण्याच्या टाकीकडे वळू लागली. काकांनी उलट्या दिशेने पुन्हा करून पाहिले. तिकडेही डावीकडेच. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच जॅक काढून ठेवला.

आता शोध सुरू झाला. पुढची दोन्ही टायरे आपसात बदलली, कारण कधी कधी टायरच ओढतो. ओढ डावीकडेच राहिली. हवा दोन्हीकडे सारखी होती. मग ब्रेक : डावा ब्रेक धरून राहिला असेल तर गाडी डावीकडे जाईल. चाके उचलून हाताने फिरवली, दोन्ही सारखी मोकळी फिरली. थोडे चालवून आणून ड्रमजवळ हात नेला, दोन्हीकडे ऊब सारखीच. चाक वरखाली धरून हलवले, बेअरिंगमध्ये ढील नव्हती. आजोबा खाटेवर बसून एकेक गोष्ट विचारत होते आणि मी "झालं" म्हटले की बोट मिटत होते.

मग ते म्हणाले, "आता चाकांतलं अंतर मोज. फुडल्या आन् मागल्या. दोन्ही अंगांनी."

गावात सुताराच्या घराशेजारी गवंडी राहतात, त्यांच्याकडून ओळंबा मागून आणला. शेडसमोरच्या कोब्यावर जीप सरळ ढकलत आणली, स्टिअरिंगने चाके सरळ केली आणि चारही चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोडून खाली खडूने फुल्या मारल्या. मग जीप बाजूला ढकलली आणि फुल्यांमधले अंतर टेपने मोजले. पुस्तकाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमध्ये ८० इंच हवेत. उजवीकडे ८० भरले. डावीकडे सव्वा एकोणऐंशी. मला वाटले माझी फुली चुकली. सगळे पुसून पुन्हा केले. पुन्हा सव्वा एकोणऐंशी. तिसऱ्या वेळी आजीला ओळंबा धरायला लावले, तरी तेच.

आजोबांनी टेप हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि मला आकडा पुन्हा मोठ्याने वाचायला लावला. काका दारात उभे होते.

पाऊण इंच म्हणजे किती ते सांगतो. जीपची दोन पुढची चाके एकमेकांपासून सुमारे सव्वा मीटर दूर असतात. तेवढ्या रुंदीत एक बाजू पाऊण इंच मागे राहिली तर संपूर्ण ॲक्सल जवळजवळ एक अंश डावीकडे वळलेला असतो. त्या दिशेने सरळ रेघ ओढली तर शंभर मीटरवर ती दीड मीटर डावीकडे पोहोचते. परेडमध्ये ओळीतल्या एखाद्याचा डावा खांदा मागे राहिला की तो कसा हळूहळू डावीकडच्या मुलावर जाऊन आदळतो, तसेच. जीप सरळ न्यायची तर चाके सतत थोडी उजवीकडे धरून ठेवावी लागतात. पण कास्टर आणि किंगपिन तर चाकांना त्यांच्या ॲक्सलशी सरळ करू पाहतात, आणि ॲक्सल स्वतःच डावीकडे बघतोय. म्हणून हात जरा सैल पडला की गाडी डावीकडे. आजोबा गेली दीड-दोन वर्षे ही जीप अशी धरून चालवत होते.

आणि टो-इन कितीही नीट केले तरी ही ओढ गेली नसती. टो-इन हा दोन पुढच्या चाकांचा आपसातला हिशोब आहे. दोघे मिळूनच तिरके उभे असतील तर तो हिशोब बरोबर येऊनही गाडी तिरकीच जाते. अलाइनमेंट करणाऱ्यांनी मागच्या चाकांशी पुढच्यांची तुलना केली नसावी, फक्त टाय रॉड फिरवून स्टिअरिंगचे चाक सरळ दिसेल असे करून दिले.

अंतर कुठे चुकले हे अजून शोधायचे होते, कारण मागचा ॲक्सल सरकला असता तरी तेच माप आले असते. मी जीपखाली शिरलो आणि प्रत्येक पाट्याच्या मागच्या बोल्टापासून ॲक्सलपर्यंत मोजले. मागे दोन्ही बाजू सारख्या. पुढे डावीकडे पाऊण इंच कमी. सापडले.

जीपला पुढे सलग ॲक्सल असतो आणि तो पाट्यांवर बांधलेला असतो. पाट्यांच्या थराच्या मध्यातून एक सेंटर बोल्ट जातो. तो पाटे एकत्र ठेवतो, आणि त्याचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते. ॲक्सल कुठे राहायचा ते हे डोके ठरवते. बाजूचे यू-बोल्ट सगळे आवळून धरतात. यू-बोल्ट सैल झाले की ब्रेक मारताना आणि खड्ड्यात आदळताना सगळा धक्का त्या बोटाएवढ्या बोल्टावर येतो आणि एक दिवस तो कातरला जातो. मग ॲक्सल मोकळा होऊन मागे सरकतो. आमच्या जीपचे नेमके हेच झाले होते. दोन वर्षांपूर्वी तुटलेला पाटा बदलला होता, त्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे राहिले. पुढे कोणीतरी ते सैल दिसले म्हणून आवळले, पण तोवर ॲक्सल सरकला होता. सरकलेल्या जागीच तो घट्ट बसला. मी ग्रीस पुसले तेव्हा बैठकीजवळ घासून चकचकीत झालेला पट्टा दिसला, पाऊण इंच रुंद.

बाहेर येऊन सांगितले. मला वाटले आजोबा आता काकांना काहीतरी बोलतील. ते फक्त म्हणाले, "चासीला टेकू दे, ॲक्सलला नको." काकांनी टेकू आणले.

पाटा काढून कराडला कमानीचे काम करणाऱ्याकडे नेला. सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे दोन शिकंज्यांनी आवळून धरावे लागतात, नाहीतर ते उसळून हात फोडतात. हे तिथल्या कारागिराने मला दूर उभे करून दाखवले. नवा बोल्ट घातला, यू-बोल्टही नवे घेतले, कारण जुन्यांचे आटे गेले होते. परत बसवताना बोल्टाचे डोके भोकात बसले तेव्हा छोटासा टक् आवाज आला. यू-बोल्ट एका बाजूचे पूर्ण आवळायचे नाहीत, चारही नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळायचे. पुन्हा ओळंबा, पुन्हा फुल्या. ८० आणि ८०.

टो-इन मोजण्याआधी सांध्यांमधली ढील काढावी लागते, नाहीतर आपण ढील मोजत बसतो. या जीपमध्ये स्टिअरिंगचा जोर आधी बेलक्रँक नावाच्या एका लोखंडी कोपरावर येतो आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. काकांनी स्टिअरिंग जरा जरा डावी-उजवीकडे हलवले आणि मी खालून पाहत राहिलो. बेलक्रँक आधी स्वतःच डुगडुगत होता, मग टाय रॉड हलत होता. त्याची पिन आणि बेअरिंग बदलली. जुन्या जीपांमध्ये हे नेहमीचे दुखणे आहे, असे आजोबा म्हणाले.

टो-इनमध्ये माझी फजिती झाली. मी टायरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजले आणि तीन वेळा तीन वेगळी मापे आली. कारण टायर काही अगदी गोल आणि सपाट नसतो, त्यात दोन-तीन मिलिमीटरचा डोल असतोच, आणि आपल्याला मोजायचे आहे ते सगळे मिळून दोन मिलिमीटर! आजोबांनी पद्धत सांगितली. चाक उचलायचे, टायरच्या मध्यावर खडू फासायचा, पेन्सिल एका विटेवर घट्ट टेकवून धरायची आणि चाक हाताने फिरवायचे. टायरभर एक बारीक रेघ उमटते. टायर वाकडा असला तरी रेघ चाकाच्या फिरण्याशी इमान राखते. दोन्ही चाकांवर रेघा काढून जीप खाली घ्यायची, थोडी पुढे ढकलायची म्हणजे चाके आपल्या जागी बसतात, आणि मग रेघ ते रेघ मोजायचे, पुढे आणि मागे, जमिनीपासून एकाच उंचीवर. मागच्या बाजूला टेप सरळ जात नाही, मध्ये इंजिनचे बूड येते. म्हणून विजेच्या फिटिंगच्या पाइपला दोन उभ्या पट्ट्या बांधून त्यांच्या टोकाला खिळे लावले. खिळे पुढच्या रेघांवर बसवायचे आणि तीच काठी तशीच मागे न्यायची.

पुढचे अंतर मागच्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त होते. म्हणजे चवडे बाहेर, टायरची आतली कड गेली ती यामुळे. बेलक्रँक ॲक्सलशी काटकोनात आणला, डावे चाक मागच्या चाकाशी दोरी ताणून सरळ केले, मग उजवे. त्यानंतर टाय रॉडचे क्लॅम्प सैल करून पाइप पान्याने थोडे थोडे फिरवत टो-इन आणले. दर वेळी जीप पुढे ढकला, मोजा, परत फिरवा. सकाळी आठला सुरू केले आणि माप जमले तेव्हा आजी दुसऱ्यांदा जेवायला बोलावत होती. २ मिलिमीटर आत. क्लॅम्प आवळायचे विसरलात का, असे आजोबांनी तीनदा विचारले. तिसऱ्यांदा खरोखरच एक राहिला होता.

संध्याकाळी पटांगणावर काकांनी हात सोडले. जीप ध्वजस्तंभाकडे निघाली आणि ध्वजस्तंभाजवळच काकांनी ब्रेक लावला. मग ते उतरले आणि किल्ली तशीच लावलेली ठेवून डाव्या बाजूला येऊन बसले.

आजोबांनी दोन फेऱ्या मारल्या. मी मागे बसून त्यांचे हात पाहत होतो. दिवाळीत मोरीची हकीकत ऐकण्याआधीही मी कधीतरी पाहिले होते की त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर नेहमी खाली ओढलेला असतो, जणू काही लोंबकळतोय. तो आता डाव्याच्या बरोबरीने होता.

गुरुवारी आजोबा स्वतः जीप घेऊन बाजाराला गेले, सोबत आजी आणि मी. मोरीवरून जाताना आजीने डोळे मिटले होते. अंधार पडण्याआधी घरी परतायचे हे त्यांनीच ठरवले, कारण समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा आता त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही. त्याला पाना नाही, असे ते म्हणतात. किल्ली दारामागच्या खिळ्यावर परत आली आहे.

नवे यू-बोल्ट १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळायचे होते, पण तोवर माझी सुट्टी संपली. पुढच्या रविवारी फोनवर काकांनी सांगितले की आवळले. डाव्या बाजूचे नट अर्धा फेरा आत गेले.